तळटीप १४ : ‘दोन तसबिरींची दुर्बीण’
१४. म्हणजे स्टिरिओस्कोप. याचा दुर्बिणीशी संबंध दिसण्यापुरताच. सुमारे ७ × ३.५ इंचांच्या पुठ्ठ्यावर एकाच दृश्याची दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी चिकटवलेली असत. ती दोन डोळ्यांइतक्या, म्हणजे साधारण अडीच इंच, अंतरावरच्या भिंगांनी टिपलेली. त्यामुळे दोन्हींत किंचित फरक. यंत्रातून प्रत्येक डोळ्याला आपापलेच चित्र दिसते, मेंदू ती एक करतो आणि पुढचा खांब पुढे, मागचा मागे उभा राहतो. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये, छायाचित्रणाचा शोध जाहीर होण्याआधी, साध्या रेखाचित्रांवर दाखवले होते. लेखकाने वर्णिलेला मुठीचा, पुठ्ठा मागेपुढे सरकवता येणारा नमुना अमेरिकन डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्सचा (१८६१). त्याने पेटंट घेतले नाही. घरोघरी पोचण्याइतका तो स्वस्त झाला, याचे हे मोठे कारण. अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने जेम्स रिकल्टनने टिपलेल्या हिंदुस्थानच्या शंभर दृश्यांचा संच, सोबतच्या माहितीपुस्तकासह, १९०७ मध्ये विक्रीस काढला होता. कल्याणच्या पटवर्धनांच्या ‘शांबरिक खरोलिका’ या जादूच्या कंदिलाच्या खेळाशी (१८९२) याची गल्लत करू नये: ती पडद्यावर सगळ्यांना एकदम दिसे, हा एका वेळी एकाचाच खेळ, घरात पाळी लावावी लागे ती म्हणूनच. पुढच्या ओळीतले ‘जिल्ह्याचे गाव’ म्हणजे आदिलाबाद. किनवट तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता; तो नांदेडला जोडला गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. – संपा.