महानायकांच्या मालिका आणि स्वमग्नता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले. दूरचित्रवाणीवरील महानायकाशी तिचा संबंध मात्र बराच उशिरा जोडला गेला. दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ (१९९७-२००५) या मालिकेत गंगाधरचे विचित्र बोलणे-वागणे हे केवळ सोंग होते. ते उतरताच महानायक प्रकट होई. अमेरिकन ‘अल्फाज’ (२०११-१२) मध्ये गॅरी बेल हा स्वमग्न तरुण विद्युतचुंबकीय लहरी पाहू शकतो. येथे वेगळेपण सोंग नाही, ही प्रगतीच होय. तथापि पथकातील त्याचे स्थान त्या शक्तीमुळेच आहे.

वस्तुतः बहुसंख्य स्वमग्न व्यक्तींत असे अलौकिक कौशल्य नसते. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील ७ प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. हे हक्क देताना कायद्याने असाधारण शक्तीची अट घातलेली नाही. सुरगाण्यासारख्या आदिवासीबहुल तालुक्यातील वर्गातही स्वमग्न विद्यार्थ्याचे मूल्य ठरविताना अध्यापकाने पडद्यावरील नव्हे, तर कायद्यातील हीच भूमिका स्वीकारणे अगत्याचे ठरते.