लाल चंद्रज्योत : एक शब्द आणि एक क्षार

दिवाळीच्या सुमारास अकोटच्या बाजारात 'लाल चंद्रज्योत' मागितली, तर दुकानदारास नवल वाटत नाही. चांदण्याला लाल हे विशेषण कसे चिकटले, हा प्रश्न मात्र शब्दांच्या अभ्यासकास पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर व्याकरणात नसून रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे.

शब्द जुना आहे. गजपती प्रतापरुद्रदेवाच्या (राज्यकाल १४९७–१५४०) नावावरील 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृती आल्या आहेत. त्यांत चंद्रज्योतही आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली भारतीय दारूकामाच्या इतिहासावर लिहिलेल्या निबंधात या ग्रंथाचा परामर्श घेतला आहे. फारसी 'माहताब'पासून आलेला 'महताब' हाही मुळात चांदण्याचाच वाचक होय. दोन्ही नावे शुभ्र प्रकाशाची असावीत, हे त्या काळच्या साहित्याशी सुसंगतच आहे.

त्या कृतींत सोरा, गंधक, कोळसा व लोहचूर्ण यांबरोबर हिंगूळ आणि गेरूही येतात. हे दोन्ही पदार्थ दिसावयास तांबडे. परंतु पदार्थाचा रंग म्हणजे ज्योतीचा रंग नव्हे. त्यांच्या योगाने ज्योत किरमिजी होत नाही. उलट, जो क्षार ती तशी करतो, तो स्वतः पांढरा असतो.

तो क्षार म्हणजे स्ट्रॉन्शिअम नायट्रेट. स्कॉटलंडातील स्ट्रॉन्शिअन गावाजवळच्या शिशाच्या खाणीतील खनिजात नवे द्रव्य असावे, असे अडेर क्रॉफर्ड याने १७९० मध्ये दाखविले. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही याने तो धातू वेगळा केला व गावाचे नाव मूलद्रव्यास कायमचे मिळाले. हा क्षार पाण्यात सहज विरघळतो. तापविल्यावर प्राणवायू देऊन ज्वलनास साहाय्य करतो व त्याच वेळी ज्योतीस रंगही देतो. मिश्रणात क्लोरीन देणारे द्रव्य असल्यास ज्योतीत स्ट्रॉन्शिअम क्लोराइडचे रेणू बनतात व लाली अधिक खुलते. सोडिअमचा अंश शिरला, तर मात्र त्याचा पिवळा प्रकाश ती लाली झाकून टाकतो. एकोणिसाव्या शतकात पोटॅशिअम क्लोरेटच्या जोडीने हा क्षार दारूकामात रुळला. धोक्याच्या व संकटाच्या लाल ज्योतींसाठीही त्याचा उपयोग होऊ लागला.

यावरून जुन्या वर्णनांच्या वाचनासंबंधी एक दंडक निघतो. एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवरा'त आमच्या वऱ्हाडच्या कौंडिण्यपुराच्या राजकन्येच्या लग्नात दारूकाम उडविले, ते सोळाव्या शतकातील होते. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या आतषबाजीचे वर्णन केल्यावरून सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा करविला, असे पेशव्यांची बखर सांगते. माधवराव १७९५ मध्ये निवर्तले. तेव्हा तो क्षार युरोपातील प्रयोगशाळांतच होता. अशा स्थळी आजच्या लाल-हिरव्या रोषणाईचे चित्र डोळ्यांसमोर आणणे हा कालविपर्यास ठरेल. तेथे ठिणग्यांचे सोने होते, कोळशाची तांबूस धग होती, चांदण्याचा शुभ्रपणा होता. खरी लाल ज्योत नव्हती.

वस्तू बदलली, नाव टिकले. 'लाल चंद्रज्योत' ही विसंगती नव्हे. दोन युगांमधला तो सांधा आहे. कोशकाराने शब्दाचा अर्थ देताना त्या अर्थाचा काळही नोंदवावा, एवढीच या टिपणाची सूचना आहे.