बुलेटचं दुखणं आणि उस्तादांचं इल्म

मुस्लिमांच्या विज्ञान परंपरेबद्दल व्हॉट्सअॅपवर जे मजकूर फिरतात, त्यांत अल-जझरीचं नाव हमखास असतं. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरमध्ये, अर्तुकी दरबारात काम करणाऱ्या या कारागिरानं 1206 साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसायच्या त्याच्या एका पंपात क्रँक आहे. तेवढ्यावरून ‘मोटरसायकलचं इंजिन आम्हीच दिलं’ इथपर्यंत काही जण उडी मारतात. मला ती उडी मान्य नाही. जझरीचं मोठेपण मला वेगळ्या गोष्टीत दिसतं. त्याच्या ग्रंथाच्या नावातच इल्म आणि अमल हे दोन शब्द एकत्र आले आहेत. यंत्र कसं बनवायचं हे त्यानं आकृत्यांसह लिहून ठेवलं, म्हणजे दुसऱ्या कारागिरालाही ते बनवता यावं. हातातलं ज्ञान त्यानं कागदावर उतरवलं.

आपल्या मोहल्ल्यांतल्या गॅरेजांमध्ये असंच हातातलं ज्ञान गेली साठ-सत्तर वर्षं साठत आलं आहे. त्याची नोंद मात्र कुठंच नाही. जुन्या बुलेटचं इंजिन नीट चालत नसेल तर दोष कसा शोधायचा, हे त्यातलं एक प्रकरण.

बुलेटचा छापील इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्करानं सीमेवरच्या गस्तीसाठी ही ब्रिटिश गाडी निवडली. 1955मध्ये मद्रास मोटर्सनं रेडिचच्या मूळ कंपनीशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया उभी केली. आधी सुट्या भागांची जुळणी होई, पुढं तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाडीच तयार होऊ लागली. 1970च्या सुमारास ब्रिटनमधली मूळ कंपनी बंद पडली, मद्रासची चालू राहिली. 1977पासून तर बुलेट इथून ब्रिटनलाच जाऊ लागली.

या इतिहासात लष्कर आहे, कारखाना आहे, मालक आहेत. गाडी विकल्यानंतर ती तीस-चाळीस वर्षं रस्त्यावर कुणी ठेवली, हा भाग त्यात येत नाही. परवाना राजच्या काळात नवी गाडी सहज मिळत नसे. त्यामुळे जुनीच दुरुस्त करून वापरायची, आणि मुलानं बापाचीच चालवायची, हा रिवाज होता. 350 सीसीच्या त्या इंजिनात अनेक दशकं फारसा बदल झाला नाही. 70 मिलिमीटरचा बोअर, 90चा स्ट्रोक, एकच सिलिंडर, पुशरॉडवर उघडणारे व्हॉल्व्ह. म्हणून उस्तादानं 1965 साली जे शिकलं, ते शागिर्दाला 1995मध्येही उपयोगी पडलं. ज्ञान साठायला एवढा अवकाश क्वचितच मिळतो.

त्या ज्ञानाचा पहिला धडा मी अनेक गॅरेजांत दखनीतून ऐकला आहे : “पैले करंट देखने का, बाद में पेट्रोल.” गाडी पिकअप घेत नसेल, मिसिंग मारत असेल, तर नवशिक्याचा हात थेट कार्बोरेटरकडे जातो. जाणता उस्ताद आधी प्लग काढतो. हकीम जीभ बघतो तसा तो प्लग बघतो. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय. पांढरट असेल तर हवा जास्त, बहुतेक कार्बोरेटर आणि हेडच्या जोडातून इंजिन हवा ओढतंय. तेलानं ओलं असेल तर रिंग किंवा बोअर झिजल्याची शंका.

मग तोच प्लग इंजिनाला टेकवून किक मारायची. ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. पिवळी, मलूल असेल तर पॉइंटचं झाकण उघडायचं. पॉइंटमधली फट साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. तोंडं जळलेली असतील तर घासायची. टायमिंग बघायला सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. कागद सैल होऊन निसटला, तो पॉइंट उघडण्याचा क्षण. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकाच्या जेमतेम 0.8 मिलिमीटर अलीकडे असला पाहिजे. त्याच क्षणी अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येतो. बुलेटवाले किक मारण्याआधी तो काटा का बघतात, याचं उत्तर इथं आहे.

सगळ्यात फसवा दोष कंडेन्सरचा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची सत्तरच्या दशकातली बुलेट सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची आणि दहा-बारा किलोमीटर गेली की फटफट करत बंद पडायची. थंड झाली की पुन्हा ठणठणीत. दोन ठिकाणी कार्बोरेटर बदलून झाला होता. तिसऱ्या ठिकाणच्या उस्तादांनी काही उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं की चालू होते का?” होत असती, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे, एवढाच अर्थ होता. शिक्षक म्हणाले, नाही. मग त्यांनी गाडी तापवून पॉइंटकडे पाहिलं. तिथं मोठ्या ठिणग्या उडत होत्या. कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देत होता. नवा बसवला आणि गाडी बरी झाली. लक्षण ऐकायचं, शक्यता मांडायच्या, स्वस्तातल्या तपासणीनं एकेक बाद करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगशाळेत याहून वेगळं काय करतात?

हे इल्म मुस्लिम मोहल्ल्यांत एवढं का साठलं, याची कारणं अभिमानापेक्षा परिस्थितीत जास्त सापडतील. 2006च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं असल्याचं आणि वाहन दुरुस्तीत त्यांचा सहभाग ठळक असल्याचं नोंदलं आहे. सरकारी नोकरी दूर, भांडवल नाही, शाळा अर्ध्यावर सुटलेली. अशा मुलाला गॅरेजनं दारात उभं केलं. पाना ओळखता येईपर्यंत त्यानं चहा आणला, भाग रॉकेलमध्ये धुतले. समाजानं त्याला ‘शिकला नाही, मिस्त्री झाला’ म्हटलं. हा शेरा मला चुकीचा वाटतो. तो शिकला होता, फक्त प्रमाणपत्राविना.

आता ती गाडीच मागे पडते आहे. 2010च्या आसपास जुनं ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन बंद झालं. 2020मध्ये बीएस-6 आल्यानंतर कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि दोष सांगायला यंत्र जोडावं लागतं. उरलेल्या जुन्या गाड्यांपुढं नवं दुखणं आहे : पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, टाकी गंजते, जुनं रबर खराब होतं, आणि तो कचरा जेटमध्ये अडकतो. यावरचे उपायही गॅरेजांतच शोधले जात आहेत, आणि तेही तोंडीच.

सत्तरी ओलांडलेले उस्ताद अजून आपल्यात आहेत. त्यांच्या घरातली पोरं कॉलेजात जातात, त्यांच्या हातात फोन आहेत. जुम्माच्या नमाजनंतर एक तास अब्बांजवळ बसून त्यांच्या दहा युक्त्या लिहून घेणं कठीण नाही. कोणता आवाज, कोणतं कारण, आधी काय तपासायचं, एवढं लिहिलं तरी पुरे. जझरीचा वारसा सांगायचा असेल तर सुरुवात अशा वहीपासून होऊ शकते.