गो. पु. देशपांडे : चीनचे अभ्यासक

मराठी रसिकांना गो. पु. देशपांडे आठवतात ते 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चे नाटककार म्हणून. त्यांच्या विद्वत्तेची दखल मात्र महाराष्ट्राने तितकीशी घेतली नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरला वाढलेले 'गोपु' दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. १९६२च्या युद्धाच्या कटू आठवणी ताज्या असतानाच, १९७१ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीचा भारतीय दृष्टीतून वेध घेणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. चीनच्या आफ्रिकाविषयक परराष्ट्र धोरणावर त्यांनी सहलेखकासह लिहिलेला ग्रंथ १९८६चा. आफ्रिकेतील चिनी गुंतवणुकीची जगभर चर्चा सुरू झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी! 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तून ते दीर्घकाळ स्तंभलेखन करीत. मार्क्सवादी भूमिका त्यांनी कधी लपविली नाही. 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा नायकही प्राध्यापकच. राजकीय मतांपायी तो विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभा राहतो. अध्यापन आणि नाट्यलेखन ही गोपुंची दोन वेगळी दालने नव्हती, हे त्यावरून उमगते. भारत-चीन संबंधांच्या पन्नास वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ त्यांनी २००१ मध्ये सहसंपादित केला. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.