रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनाची जन्मकथा

डायलिसिस विभागात सुई लावून झाली की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, माझं एचबी किती आलंय?" एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन; ते वाढावं म्हणून आम्ही एरिथ्रोपोएटिन टोचतो. परिचारिका म्हणून माझी नोकरी याच विभागात गेली आणि या औषधाची कथा मी विचारील त्या प्रत्येकाला सांगत आले.

१९०६ साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोतिल्द देफ्लांद्र यांनी एका सशाचं रक्त काढलं आणि मग त्याचाच सीरम दुसऱ्या सशाला टोचला. दुसऱ्याच्याही तांबड्या पेशी वाढल्या, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे हाडांतल्या मज्जेला रक्तातूनच हुकूम जातो. तो हुकूम, म्हणजेच एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन, मूत्रपिंडातून सुटतो, हे दाखवायला १९५७ उजाडलं. ते काम शिकागोच्या लिऑन जेकबसन, यूजीन गोल्डवासर आणि सहकाऱ्यांचं.

पण हुकूम बाटलीत भरता येत नव्हता. १९६०मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या शंटमुळे (रक्तवाहिनीत बसवून ठेवलेल्या नळीमुळे) वारंवार डायलिसिस शक्य झालं, माणसं जगू लागली, पण निकामी मूत्रपिंडातून हुकूम येत नसल्याने पांढरीफटक. मग रक्त चढवायचं. प्रत्येक पिशवीबरोबर लोह साचायचं, काविळीची भीती असायची. नाहीतर नँड्रोलोनसारखी पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं. त्यांनी बायकांचे आवाज घोगरे व्हायचे, चेहऱ्यावर केस यायचे. त्या बायकांनी काय सोसलं, हे कुणी नीट लिहून ठेवायला हवं होतं.

जपानात कुमामोतोचे ताकाजी मियाके अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांची लघवी जमवत होते. या आजारात मज्जा दाद देत नाही, म्हणून शरीर हे हार्मोन भरमसाट बनवतं. अशी २,५५० लिटर लघवी सुकवून १९७५मध्ये त्यांनी ती गोल्डवासरांच्या हवाली केली. त्यातून शुद्ध हार्मोन निघालं ते काही मिलिग्रॅम! त्याच्याच आधारे १९८३मध्ये फू-कुएन लिन यांना त्याचं जनुक सापडलं. सिअ‍ॅटलच्या जोसेफ एशबाख आणि जॉन अ‍ॅडमसन यांनी त्या जनुकावरून बनवलेल्या हार्मोनच्या घेतलेल्या चाचणीचे निकाल जानेवारी १९८७मध्ये छापून आले: पुरेसा डोस मिळालेल्यांपैकी ज्या १२ जणांना रक्त चढवावं लागे, त्यांना आता ते लागत नव्हतं. १९८९मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

तरी काहींचं एचबी हलतच नाही. लोह कमी असतं, कुठेतरी जंतुसंसर्ग मुरलेला असतो. आणखी एक कारण मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना जास्त डोस लागत होता त्यांचं पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचं हार्मोन, चढलेलं आणि मज्जेत तंतू माजलेले आढळले. एका हार्मोनचा हुकूम दुसरं हार्मोन असा अडवतं. नुसता डोस वाढवणं सोपं, पण हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांवरची मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली होती. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनी रक्त निरोगी माणसाच्या पातळीवर नेण्याचा आग्रह धोक्याचा ठरवला.

म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: इंजेक्शन लागू पडत नसेल तर डोस वाढवण्याआधी लोहाचा आणि पीटीएचचा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा, आणि कारण विचारा.