पाहुण्यापासून गिऱ्हाइकापर्यंत : ऑस्ट्रेलियाचे सरकार आणि परदेशी विद्यार्थी (दीर्घ थ्रेड)

३ एप्रिल २०२०. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी पत्रकारांना सांगितले की, तात्पुरत्या व्हिसावर देशात राहणाऱ्या ज्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, त्यांनी आपापल्या मायदेशी परतावे. यात परदेशी विद्यार्थीही आलेच. सीमा बंद होऊन दोन आठवडे झाले होते. भारताने तर आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने मार्चमध्येच थांबवली होती. म्हणजे परतायचे कसे, हा प्रश्न उरलाच.

१९ जानेवारी २०२२. त्याच मॉरिसन यांनी जाहीर केले की, पुढील आठ आठवड्यांत जे विद्यार्थी ऑस्ट्रेलियात दाखल होतील, त्यांना व्हिसाशुल्काचे ६३० डॉलर परत मिळतील. दुकानांत, उपाहारगृहांत, रुग्णालयांत माणसे कमी पडत होती.

बावीस महिन्यांतला हा फरक एका नेत्याच्या लहरीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची मुळे सत्तर वर्षे मागे जातात. परदेशी विद्यार्थी आपला कोण लागतो, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दर पिढीला बदलले आहे. त्या बदलांचा हा मागोवा.

जानेवारी १९५० मध्ये राष्ट्रकुलातील देशांचे परराष्ट्रमंत्री कोलंबोला जमले. भारताकडून नेहरू होते, ब्रिटनकडून अर्नेस्ट बेव्हिन, यजमान सिलोनकडून जे. आर. जयवर्धने, तर ऑस्ट्रेलियाकडून पर्सी स्पेंडर. चीनमध्ये साम्यवादी सत्ता येऊन अवघे तीन महिने झाले होते. दारिद्र्य हटले नाही तर उरलेला आशियाही त्याच वाटेने जाईल, ही स्पेंडर यांची भीती. त्या बैठकीतून जी मदतयोजना आकाराला आली ती कोलंबो योजना. जुलै १९५१ पासून ती अमलात आली. धरणे, यंत्रे, तज्ज्ञ हे सारे तीत होते. परंतु ऑस्ट्रेलियात तिची ओळख राहिली ती शिष्यवृत्त्यांमुळे. प्रवासखर्च, शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता, सर्व काही ऑस्ट्रेलियन सरकारचे. पुढील तीन दशकांत सुमारे वीस हजार विद्यार्थी या मार्गाने तेथे शिकले.

यातली विसंगती आजच्या वाचकाला चटकन जाणवत नाही. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण पूर्ण जोमात होते. १९०१ च्या कायद्याने अधिकाऱ्याला असा अधिकार दिला होता की, नकोशा वाटणाऱ्या प्रवाशाला त्याने पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालावे, तेही अधिकारी निवडेल त्या भाषेत. ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली. म्हणजे कोलंबो योजनेची पहिली सात वर्षे एकच सरकार एका हाताने आशियाई माणसाला दार लावत होते आणि दुसऱ्या हाताने आशियाई विद्यार्थ्याला विमानाचे तिकीट देत होते. मेळ बसत होता तो एका अटीमुळे : शिक्षण संपले की परत जायचे. विद्यार्थी हा पाहुणा होता. पाहुण्याचा आदर करावा, त्याला चहाला बोलवावे, त्याची छायाचित्रे छापावीत. पण पाहुणा घरात मुक्कामाला राहत नाही.

आणि आदर झाला, हेही खरे. मेलबर्नमध्ये १९५७ साली ‘इंटरनॅशनल हाउस’ हे वसतिगृह उघडले. अनेक कुटुंबांनी या मुलांना घरी ठेवून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या आशियाई माणसाबरोबर जेवायला बसलेली ती घरे होती. श्वेत धोरणाची भिंत कायद्याने पाडण्याआधी जेवणाच्या टेबलावर तिला तडे गेले, असे म्हणण्यास जागा आहे. इंडोनेशियाचे पुढे उपराष्ट्रपती झालेले बोएदिओनो याच योजनेतून पर्थच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया’त अर्थशास्त्र शिकले. हे विद्यापीठ लक्षात ठेवा. शेवटी ते पुन्हा येणार आहे.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करायला हवा. त्या काळात ऑस्ट्रेलियात शिकणारे बहुसंख्य आशियाई विद्यार्थी शिष्यवृत्तीवर नव्हते. मलाया, सिंगापूर, हाँगकाँग येथून स्वतःच्या पैशाने येणारे त्यांच्याहून कितीतरी अधिक होते. पण विद्यापीठांचा मोठा खर्च सरकारच उचलत असल्याने त्यांनाही न बोलता अनुदान मिळतच होते. १९७४ मध्ये व्हिटलम सरकारने विद्यापीठांचे शुल्कच रद्द केले, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांचेही रद्द झाले. संख्येवर मात्र मर्यादा घालण्यात आली. १९८० पासून फ्रेझर सरकारने त्यांच्यावर स्वतंत्र आकार बसवला. तो खर्चाच्या मानाने थोडा होता. तरी पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेण्याची ती सुरुवात होती.

खरे वळण १९८४ चे. त्या एका वर्षात दोन सरकारी समित्यांनी एकाच प्रश्नाला परस्परविरुद्ध उत्तरे दिली. जॉन गोल्ड्रिंग यांची समिती परदेशी विद्यार्थ्यांच्या धोरणासाठीच नेमलेली. तिने सांगितले की, हा देवाणघेवाणीचा, दोन्ही बाजूंच्या हिताचा व्यवहार आहे. अनुदान चालू ठेवावे. गॉर्डन जॅक्सन यांची समिती नेमली होती परराष्ट्र मदतीचा आढावा घेण्यासाठी. तिने म्हटले की, शिक्षण हा निर्यातीचा उद्योग मानावा आणि संस्थांनी विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा करावी. ज्या समितीचा हा मुख्य विषयच नव्हता, तिचे मत टिकले. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना १९८० पासून पूर्ण शुल्क लावले होतेच; समोर नमुना तयार होता.

१९८५ मध्ये हॉक सरकारने पूर्ण शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची मुभा संस्थांना दिली. त्या वेळी व्यापारमंत्री होते जॉन डॉकिन्स. १९८७ मध्ये तेच शिक्षण खात्याचे मंत्री झाले. व्यापार खात्यातून शिक्षण खात्यात गेले ते डॉकिन्स की त्यांच्याबरोबर व्यापारच, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९९० पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी अनुदानित वाट बंद झाली. पाहुण्याचा गिऱ्हाईक व्हायला पाच वर्षे लागली.

पण बाजार उघडला तेव्हा सर्वांत पुढे विद्यापीठे नव्हती. पुढे होत्या इंग्रजी शिकवणाऱ्या छोट्या खासगी संस्था, आणि त्यांचे गिऱ्हाईक होते चिनी तरुण. नातेवाइकांकडून कर्ज काढून हे तरुण शुल्क आगाऊ भरत, मग व्हिसाची वाट पाहत. जून १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकातील हत्याकांड झाले. आधीच देशात असलेल्या चिनी विद्यार्थ्यांना हॉक यांनी राहू दिले आणि पुढे त्यांना कायमचा निवास मिळाला. मात्र चीनमध्ये थांबलेल्यांसाठी व्हिसाचे नियम कडक झाले. नवे विद्यार्थी येईनात, तशा या संस्था एकामागून एक बुडाल्या. आगाऊ घेतलेले पैसे खर्च होऊन गेले होते. ज्यांनी ऑस्ट्रेलिया डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्यांचे शुल्क अखेर ऑस्ट्रेलियन सरकारला स्वतःच्या तिजोरीतून परत करावे लागले.

परदेशी विद्यार्थ्यांच्या संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा आला तो यानंतर, १९९१ मध्ये. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थेने नोंदणी केली पाहिजे, आगाऊ शुल्क वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवले पाहिजे, असे त्याने सांगितले. क्रम पाहण्यासारखा आहे. बाजार १९८५ मध्ये उघडला. गिऱ्हाइकाच्या पैशाची काळजी घेणारा कायदा सहा वर्षांनी, तेही सरकारलाच भुर्दंड बसल्यावर.

२००० मध्ये या कायद्याची जागा नव्या, अधिक व्यापक कायद्याने घेतली. बुडालेल्या संस्थेतील विद्यार्थ्यांसाठी हमी निधी आला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली : विद्यार्थी वर्गात येत नसेल, तर संस्थेने ते सरकारला कळवायचे, आणि त्यावरून त्याचा व्हिसा जाऊ शकत असे. ज्या कायद्याने त्याचे पैसे राखले, त्यानेच त्याच्या शिक्षकाला हजेरीची वही घेऊन व्हिसा अधिकाऱ्याच्या शेजारी बसवले.

पुढची कथा भारतीयांची आहे, म्हणून येथे थोडे थांबू. २००१ पासून ऑस्ट्रेलियात शिक्षण पूर्ण केलेल्यांना देश न सोडता कायमच्या निवासासाठी अर्ज करता येऊ लागला. कोणत्या व्यवसायांना माणसे हवीत, याची एक सरकारी यादी होती. त्या यादीतील व्यवसायाला अधिक गुण. यादीत स्वयंपाकी होते, केशकर्तनकारही होते. मग पाककला आणि केशभूषा शिकवणाऱ्या खासगी संस्थांचे पीक आले. विद्यापीठाच्या पदवीपेक्षा हा अभ्यासक्रम स्वस्त, लहान आणि निवासाच्या दाराशी नेणारा. पंजाब, हरियाणा, आंध्र, गुजरात येथील दलालांनी तो तसाच विकला. २००९ पर्यंत ऑस्ट्रेलियातील भारतीयांच्या नोंदण्या लाखाच्या वर गेल्या. त्यांना ‘स्वयंपाक शिकायला इतक्या लांब गेले’ म्हणून हसणारे तेव्हा येथेही होते. हसणाऱ्यांनी ती यादी वाचली नव्हती. मुलांनी वाचली होती.

या मुलांना आठवड्याला वीस तासच काम करण्याची परवानगी होती. घरे मेलबर्नच्या स्वस्त, दूरच्या पश्चिम उपनगरांत. कामे टॅक्सीवर, पेट्रोल पंपावर, रात्रपाळीच्या दुकानांत. मध्यरात्री रिकाम्या लोकलने एकट्याने घरी जाणारा तरुण हे त्या वर्षांचे चित्र. हल्ले होत होते, आणि ते लूटमारीचे की वंशद्वेषाचे, यावर पोलीस व विद्यार्थी यांचे एकमत होत नव्हते. ३१ मे २००९ रोजी हजारो जण मेलबर्नच्या रस्त्यावर उतरले आणि फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरच्या चौकात ठाण मांडून बसले. त्याच दिवसांत अमिताभ बच्चन यांनी ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठाची मानद पदवी नाकारली. उपपंतप्रधान आणि शिक्षणमंत्री जुलिया गिलार्ड भारतात आल्या. पाठोपाठ पंतप्रधान रडही आले. त्याच ऑक्टोबरात बोएदिओनो यांनी जकार्तात उपराष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. कोलंबो योजनेचे फळ आणि तिच्या पश्चात उभा राहिलेला बाजार, दोन्ही एकाच वर्षी समोर.

याच काळात काही खासगी संस्थांना टाळे लागले; विद्यार्थी सकाळी आले तो दार बंद. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती व्यवसायांची यादीच रद्द केली. अर्धे शुल्क भरलेल्या, अर्धा अभ्यासक्रम संपवलेल्या मुलांच्या पायाखालची वाट तेथेच संपली. त्यानंतर सुधारणा झाल्या आणि त्या चांगल्या झाल्या : ब्रूस बेअर्ड यांच्या अहवालानंतर २०१२ मध्ये शुल्कसंरक्षणाची नवी सेवा उभी राहिली, तर मायकेल नाइट यांच्या शिफारशीने पदवीनंतर काही वर्षे काम करण्याचा व्हिसा आला. पुन्हा तोच क्रम : आधी पडझड, मग कायदा.

पुढील दशक भरभराटीचे. २०१६ मध्ये या क्षेत्रासाठी पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०१९ मध्ये शिक्षणाची निर्यात सुमारे ४० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची होती. लोहखनिज, कोळसा आणि नैसर्गिक वायू यांच्यानंतर चौथा क्रमांक. जमिनीतून खणून न काढलेल्या निर्यातींत पहिला. साडेसात लाखांच्या आसपास परदेशी विद्यार्थी तेव्हा तेथे शिकत होते.

आणि मग २०२०. नोकऱ्या टिकवण्यासाठी सरकारने जे वेतन-अनुदान सुरू केले, त्यातून परदेशी विद्यार्थी वगळले गेले. नियम असे बदलले की सार्वजनिक विद्यापीठांनाही ते मिळू नये. क्षेत्राला नावाजणारे सरकार त्या वेळी ना क्षेत्राच्या मदतीला आले, ना विद्यार्थ्याच्या. व्हिक्टोरिया राज्याने स्वतःचा निधी काढून गरजू विद्यार्थ्याला ११०० डॉलरपर्यंत एकरकमी मदत दिली. अन्नाच्या पाकिटांसाठी रांगा लागल्या त्या स्वयंसेवी संस्थांच्या दारात.

जानेवारी २०२२ चे ६३० डॉलर परत करण्याचे आमंत्रण आता वेगळे दिसेल. तेव्हाच कामाच्या तासांची मर्यादाही उठवली गेली. शिक्षणासाठी आलेल्याने कितीही तास राबावे. गरज भागल्यावर, जुलै २०२३ मध्ये, ती पंधरवड्याला ४८ तासांवर परत आली. घरभाडी भडकली, निवडणूक जवळ आली, आणि विद्यार्थी हा आता घरांच्या टंचाईचा आरोपी ठरला. १ जुलै २०२४ रोजी व्हिसाशुल्क ७१० वरून १६०० डॉलर झाले, वर्षभराने २०००. प्रवेशसंख्येवर मर्यादा घालणारे विधेयक नोव्हेंबर २०२४ मध्ये सिनेटमध्ये अडले. तेव्हा सरकारने २०२५ साठी २,७०,००० नव्या विद्यार्थ्यांचा आकडा प्रशासकीय मार्गाने, व्हिसा अर्जांच्या प्राधान्यक्रमातून राबवला. २०२६ साठी तो २,९५,००० आहे.

आता पर्थचे ते विद्यापीठ. बोएदिओनो जेथे सरकारी खर्चाने शिकले, त्याच युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला जून २०२५ मध्ये मुंबईत शाखा उघडण्यासाठी इरादापत्र देण्यात आले. येथे विद्यार्थ्याला ना व्हिसा लागणार, ना वीस तासांची अट, ना रात्रीची शेवटची लोकल (निदान मेलबर्नची तरी नाही). १९९१ पासून ठोकरा खात घडलेले ते ऑस्ट्रेलियन संरक्षण मात्र ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांपुरतेच आहे. मुंबईच्या वर्गात बसणाऱ्याला लागू होतील ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम.