रिकाम्या जागांचा हिशेब : बसऱ्यातला पहिला अरबी कोश

शब्दकोशांच्या इतिहासात आज आपण एका जुन्या प्रश्नाकडे वळणार आहोत. प्रश्न दिसायला शब्दकोड्यासारखा आहे : काही अक्षरं दिली आहेत, ती ज्यांत येतात असे सगळे शब्द शोधा. क, म, ल ही तीन अक्षरं घ्या. कमल सापडतो, कलम सापडतो. पुढे? मकल, मलक, लकम, लमक. रोजच्या मराठीत या चारांना अर्थ नाही. म्हणजे सहा मांडण्या, दोन शब्द, चार रिकाम्या जागा. हाच खेळ एका अख्ख्या भाषेशी खेळायचा म्हटलं तर?

तो खेळणारा विद्वान आठव्या शतकात होऊन गेला : अल-खलील इब्न अहमद. जन्म ओमानचा, इ.स. ७१८च्या सुमाराचा, आयुष्य गेलं इराकमधल्या बसरा शहरात. अरबी छंदशास्त्राचा पाया त्यांनीच घातला. अरबी व्याकरणाचा आद्य मोठा ग्रंथ लिहिणारा सीबवैह हा त्यांचा शिष्य.

आता हा उद्योग बसऱ्यातच का सुरू झाला, ते पाहू. बसरा मुळात लष्करी छावणी म्हणून वसलं आणि पुढे व्यापाराचं मोठं ठाणं झालं. तिथे फारसी आणि इतर भाषा बोलणारे असंख्य लोक अरबी शिकत होते. कुराणाचा अर्थ लावायला, न्यायनिवाड्याला, राज्यकारभाराला हीच भाषा लागे. जुने शब्द विसरले तर धर्मग्रंथातल्या ओळीचा अर्थ हातचा जाणार, ही भीती खरी होती. म्हणून अभ्यासक वाळवंटातल्या बेदुइन टोळ्यांकडे जात; शहराबाहेरच्या मिरबदच्या बाजारात ते आले की त्यांचे शब्द टिपून घेत. उंटांचे शब्द, घोड्यांचे शब्द, झाडाझुडपांचे शब्द, अशा याद्या तयार होत.

पण यात एक मोठी अडचण आहे. ऐकून गोळा केलेल्या यादीत काय आहे ते दिसतं. काय राहून गेलं ते दिसत नाही.

खलील यांनी ही अडचण उलट्या बाजूने सोडवली. अरबी शब्द मूळ व्यंजनांवर उभा राहतो. ही व्यंजनं बहुधा तीन असतात, कधी दोन, चार किंवा पाच. अक्षरं एकूण २८. तेव्हा आधी सगळ्या शक्यता मांडायच्या आणि मग प्रत्येकीला विचारायचं, तू भाषेत आहेस का? दोन अक्षरांच्या मांडण्या २, तिनांच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०. एकच अक्षर दोनदा येणारे धातू बाजूला ठेवले, तर २८ अक्षरांतून ३,२७६ तिकड्या निघतात. प्रत्येकीच्या सहा मांडण्या धरल्या की झाले १९,६५६. कोशात प्रत्येक तिकडीच्या वापरातल्या मांडण्या एकत्र दिल्या. उरलेल्यांना नाव मिळालं ‘मुहमल’, म्हणजे सोडून दिलेल्या.

एक उदाहरण बघा. क-त-ब म्हणजे लिहिणे. ‘किताब’ यातूनच आला. हीच अक्षरं फिरवली की क-ब-त म्हणजे दडपणे, ब-त-क म्हणजे कापणे. अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही, पण कोशात जागा एकच.

ती जागा शोधायची कशी? खलील यांनी अक्षरं उच्चारस्थानानुसार लावली : घशाच्या तळापासून ओठांपर्यंत. पहिलं अक्षर ‘ऐन’, म्हणून ग्रंथाचं नाव ‘किताब अल-ऐन’. तिकडीतलं जे अक्षर घशाच्या सर्वांत जवळचं, त्याच्या प्रकरणात ती तिकडी. म्हणून ‘बतक’ शोधायचा तरी आधी ‘क’कडे जायचं. आपल्याला हे ओळखीचं वाटेल, कारण आपली व्यंजनंही कंठापासून ओठांकडेच येतात : क, च, ट, त, प. खलील यांच्यावर भारतीय ध्वनिशास्त्राचा प्रभाव होता का, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

लांब शब्दांचं काय? तिथे उलट जायचं : जोडलेली अक्षरं उतरवायची आणि मूळ तिकडी गाठायची. याची उदाहरणं आपल्या तोंडात आहेत. तहसील, महसूल आणि ‘काय हशील?’ मधला हशील, तिन्ही एकाच ह-स-ल या धातूचे. अंमल आणि मामला, त्यावरून आलेले अंमलदार आणि मामलेदार, हेही तसेच एका कुटुंबातले. फारसीमार्फत हे शब्द मराठी कारभारात आले आणि तहसील कचेरीच्या पाटीवर अजून टिकून आहेत.

ग्रंथ पूर्ण कोणी केला, यावर जुन्या काळीच वाद झाला. बराच भाग शिष्य अल-लैस याने पुरा केला असं मानलं जातं. वापरणाऱ्यांना मात्र ही रचना जड गेली. दहाव्या शतकात इब्न दुरैद यांनी फिरवाफिरव ठेवली, पण नेहमीची वर्णमाला आणली. मग अल-जौहरी यांनी धातूच्या शेवटच्या अक्षरावर कोश लावला. यमक जुळवणाऱ्या कवींची सोय झाली. १२९०मध्ये पुरा झालेला इब्न मंजूर यांचा ‘लिसान अल-अरब’ हा प्रचंड कोशही त्याच वाटेने गेला. आज आपण पहिल्या अक्षरावरून शब्द शोधतो. ते सोपं आहे, पण मधलीच अक्षरं माहीत असतील तर असा कोश आपल्याला मदत करत नाही.

गंमत म्हणजे संगणकाला अक्षरांवरून शब्द शोधायला लावतात, तेव्हा एक सोपी युक्ती वापरतात. प्रत्येक शब्दाची अक्षरं एका ठरावीक क्रमाने लावायची. मग कमल आणि कलम आपोआप एकाच खणात पडतात. खलील यांनी तिकड्यांचं हेच केलं होतं, तेही हाताने.

सापडलेले शब्द जपणारे कोशकार पुष्कळ झाले. खलील यांच्या पद्धतीत न सापडलेल्यांचीही जागा ठरलेली होती. म्हणून पुढच्या अभ्यासकाला एखादा नवा शब्द कानावर पडला, तर आधीच्यांनी नेमकं काय सोडलं होतं हे त्याला दाखवता येई. कोश तपासता येतो, चुकीचा ठरवता येतो, ही सोय तिथून सुरू झाली. प्रश्नोत्तरांत यावर जरूर बोलू.